कोंबड्यांची धुळीतली अंघोळ : माती कोणती, राख किती?



पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी होते. पोळ्याला त्याला ओढ्यावर नेऊन चोळूनमोळून धुतात. देवणी किंवा लाल कंधारी बैल असेल तर मालकाचा हात जरा जास्तच मायेने फिरतो. म्हैस आपली आपण डोहात जाऊन बसते. कोंबडीला मात्र कोणी अंघोळ घालीत नाही, आणि घालूही नये. पाण्याची अंघोळ तिला मानवत नाही. तिला लागते धुळीची अंघोळ, आणि ती ती स्वतःच उरकते. आपले काम एवढेच, की त्यासाठी तिला चांगली धूळ मिळेल असे पाहावे.

"आता कोंबडीला बी न्हाणीघर बांधा म्हणता का साहेब?" असे कंधारकडच्या एका मावशींनी मला हसत विचारले होते. न्हाणीघर नको, मावशी. दोन हात लांब आणि दीड हात रुंद असा एक खड्डा पुरे. त्या खड्ड्यात काय घालावे आणि काय घालू नये, एवढाच आजचा विषय आहे. तो किरकोळ वाटेल. पण घरातल्या लेकराच्या ताटात येणाऱ्या अंड्याशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुपारचे ऊन तापले की कोंबडी कोरडी जागा शोधते, पायांनी उकरते, चोचीने माती अंगाजवळ ओढते आणि बसते. मग पंख फडकावून धूळ पिसांत उडवते, कूस बदलून लोळते, डोके मातीला घासते. अशी वीस-पंचवीस मिनिटे गेल्यावर उठून उभी राहते आणि सगळे अंग झाडते. धुरळ्याचा एक ढग उठतो आणि अंघोळ संपते. जागा मिळाली तर साधारण दर दुसऱ्या दिवशी ती हे करते. पिलेसुद्धा अंड्याबाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत लोळू लागतात, त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पिंजऱ्यात तारेवर ठेवलेल्या कोंबडीला धूळ मिळत नाही, तरी ती कोरड्या तारेवर बसून लोळण्याची नुसती नक्कल करते. इतकी ही तिची मूळची गरज आहे. युरोपात १ जानेवारी २०१२ पासून जुन्या पद्धतीच्या उघड्याबोडक्या पिंजऱ्यांना बंदी आली, त्यामागे अशाच निरीक्षणांचा मोठा वाटा होता.

या लोळण्याने दोन कामे होतात. कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. ते तेल ती चोचीने पिसांना लावते. जुने झालेले तेल चिकट होते आणि पिसे एकमेकांना चिकटतात. धूळ हे शिळे तेल शोषून घेते आणि अंग झाडताना ते निघून जाते. पिसे मोकळी राहिली म्हणजे थंडीत ऊब राहते. दुसरे काम उवांचे. किडीच्या अंगावर मेणासारखा एक पातळ थर असतो, त्यामुळे तिच्या अंगातले पाणी टिकते. बारीक धूळ तो थर खरवडते व शोषून घेते, आणि कीड सुकून मरते. आपल्या आज्या मूग-चवळीच्या बियाण्याला राख चोळून ते मडक्यात भरून ठेवीत. भुंगा लागू नये म्हणून केलेली ती युक्ती आणि कोंबडीची ही युक्ती एकाच जातीची आहे.

मग आजवर कोणी कोंबडीसाठी खड्डा केला नाही, आताच का? कारण आपली अंगणे बदलली. पूर्वीच्या दगडमातीच्या घराला माळवद असे, भिंतीच्या कडेला पांढऱ्या मातीचा भुगा सदा पडलेला असे. ओसरीखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात, बैलगाडीच्या सावलीत कोरडी धूळ हमखास सापडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर औसा-निलंगा भागात त्या जाड भिंती आणि ती माळवदे लोकांनी नकोशी केली, आणि ते योग्यच झाले. पुढे इतर तालुक्यांतही सिमेंटची घरे आली. आता अंगणात फरशी आहे, नाही तर पेव्हर ब्लॉक. घरापुढचा रस्ताही काँक्रीटचा. बाई सकाळी अंगण धुऊन काढते. चिखल गेला, विंचू-काटा कमी झाला, सगळे चांगले झाले. फक्त कोंबडीची धूळ गेली. परसात सात-आठ कोंबड्या आणि त्यांना लोळायला उकिरड्याशिवाय जागा नाही, असे चित्र मला गावोगाव दिसते. वनराज, गिरिराज अशा सुधारित जातींची पिले तर पुष्कळ घरांत बंदिस्त आवारातच वाढतात. त्यांना धूळ आपणच दिली पाहिजे.

माती आपल्याच शिवारातली

प्रथम काळ्या मातीचे सांगतो, कारण नांदेड-लातूरच्या बहुतेक गावांत तीच हाताशी आहे. कापूस-सोयाबीनला सोन्यासारखी असलेली ही माती कोंबडीच्या अंघोळीला मात्र वाईट. तिच्यातली चिकणमाती पाणी लागले की फुगते, चिकटते. वाळली की ढेकूळ होते. तिच्यात धूळ थोडी आणि ढेकळे फार. दमट हवेत ती पिलांच्या बोटांना चिकटून त्याचे गोळे होतात. ते दगडासारखे वाळतात आणि पिलू लंगडू लागते. हे गोळे ओढून काढू नयेत, बोटाची कातडी सोलते. कोमट पाण्यात पाय भिजवून हळूहळू सोडवावेत. तलावातला गाळ शेतात टाकण्यासाठी नामी असतो, पण तोही बहुधा चिकणच असतो. तो खड्ड्यात घालू नये.

देगलूर, बिलोली, मुखेडकडच्या मंडळींचे नशीब या बाबतीत चांगले. तिकडे बेसाल्टऐवजी ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे, त्याची माती रेताड आणि मोकळी. ती चाळून सरळ वापरावी. उदगीर, निलंगा पट्ट्यात जिथे तांबडी जांभ्याची माती आहे तिथेही काम सोपे आहे, फक्त तिच्यातले खडे चाळून काढावेत. गोदावरीकाठच्या गावांना मळईतली पोयट्याची माती मिळते, तीही उत्तम. आणि जिथे चोहीकडे नुसती काळीच आहे, तिथे गावठाणातली पांढरी माती पाहावी. जुन्या पडक्या घराची, माळवदावरची माती अजून गावात कुठे ना कुठे ढीग होऊन पडलेली असते. ती बारीक असते, लवकर वाळते आणि ढेकूळ धरीत नाही. मात्र ती घेताना एक पाहावे. त्या ढिगावर कोणी कीटकनाशकाचे डबे, बाटल्या, विजेचे जुने सेल टाकलेले नसावेत. पडक्या जागेचा उकिरडा व्हायला वेळ लागत नाही.

माती चांगली की वाईट हे ओळखायला प्रयोगशाळा नको. उन्हात दोन दिवस वाळवलेली मूठभर माती घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर तिचा मुटका राहिला तर ती नको. बोटांतून पिठासारखी गळाली तर ती कोंबडीला पसंत पडेल. एवढ्यावर विश्वास बसत नसेल तर परसात दोन मातींचे दोन ढीग करून ठेवा. दुपारी ती कुठे जाऊन बसते ते पाहा. तिच्याइतकी पारख आपल्याला नाही.

वारुळाची माती फार बारीक असते, काही जण तीही आणतात. आणायला हरकत नाही, पण वारूळ ओसाड आहे याची खात्री कोण देणार? मी तरी त्या वाटेला जाऊ नका असेच सांगतो.

वाळूचे काम माती मोकळी ठेवण्याचे. नुसत्या वाळूतही कोंबड्या आवडीने लोळतात. लाकडाचा भुसा आणि वाळू यांत निवड दिली तर त्या बहुधा वाळूच पत्करतात. वाळू बारीक असावी, कातडीला टोचणारी नसावी. मांजरेची तांबूस वाळू घरे बांधायला लांबवर जाते, तिचे मोल सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यापायी काय काय चालते तेही ठाऊक आहे. कोंबडीसाठी ट्रॅक्टर भरून आणायची गरज नाही. कोणाच्या बांधकामावरची उरलेली, चाळलेली दोन घमेली वाळू पुरते. खडीकेंद्रावरची दगडी भुकटी मात्र वाळू म्हणून आणू नये. तिचे कण धारदार असतात आणि तिचा धुरळा कोंबडीच्या व माणसाच्याही फुप्फुसाला वाईट.

आता राखेविषयी. चुलीची राख ही आपल्या घरातली जुनी, भरवशाची वस्तू. पऱ्हाटी, तुराट्या, बाभळीचे लाकूड, गोवऱ्या यांची राख चालते. पण तिला चार अटी आहेत. ती पूर्ण थंड असावी. वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा रात्रभर जिवंत राहतो, म्हणून एक दिवस पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवावी आणि मगच वापरावी. ती चाळलेली असावी, कारण खोक्यांच्या फळ्या जाळल्या तर राखेत खिळे येतात आणि कोंबडी चमकणारी वस्तू आधी गिळते. चुलीत प्लास्टिक, रबर, रंगवलेले लाकूड जाळले असेल तर ती राख फेकून द्यावी. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे राख कोरडी राहिली पाहिजे. राखेत क्षार असतात. जुन्या काळी तिनेच भांडी घासत आणि कपडेही धूत, ते या क्षाराच्या बळावर. ओली झाली की हाच क्षार कोंबडीच्या कातडीला, डोळ्यांना आणि पायांना झोंबतो. म्हणून राख सगळ्या मिश्रणाच्या सातव्या-आठव्या हिश्शापेक्षा जास्त नको. नुसत्या राखेचा खड्डा करू नये. पिसे कोरडी पडतात आणि कोंबड्या शिंकू लागतात.

माझे सांगणे असे : दोन घमेली चाळलेली कोरडी माती, एक घमेले बारीक वाळू, अर्धे घमेले राख. माती मुळातच रेताड असेल तर वाळू सोडून द्यावी. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून बऱ्याच घरांत गॅस आला आणि राख कमी झाली. राख नसली तरी अडत नाही. बारीक माती आणि वाळू हा मुख्य माल, राख ही फोडणी.

राख म्हटली की आणखी दोन राखा आपल्या भागात फुकट मिळतात. एक साखर कारखान्याच्या बगॅसची आणि दुसरी परळीच्या औष्णिक वीज केंद्रातली, जी विटांसाठी ट्रकने नेतात. या दोन्ही राखा घरच्या राखेसारख्या दिसतात, पण त्या कोंबड्यांसाठी आणू नयेत. त्यांचे अतिबारीक कण श्वासाबरोबर आत जातात, आणि दगडी कोळशाच्या राखेत जड धातू असतात. विटेत त्या बंद होऊन बसतात, कोंबडीच्या अंगावर त्या उडत राहतात.

भाताचे तूस, सोयाबीनचे भुसकट, कुट्टी, लाकडाचा भुसा हे अंथरायला ठीक, अंघोळीला नाही. त्यांचे कण पिसांच्या मुळापर्यंत पोचत नाहीत. ओले झाले तर बुरशी येते आणि तिचा त्रास कोंबडीच्या छातीत होतो. चुन्याच्या फक्कीने खुराड्याच्या भिंती रंगवाव्यात, खड्ड्यात ती घालू नये, भाजते. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरे आहे, आणि बालाघाटाच्या डोंगरात सीताफळांना तोटा नाही. पण ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला फार मोठी इजा होते. कोंबडी लोळताना धूळ थेट डोक्यावर उडवते. तेव्हा ती पूड नकोच. तंबाखूची भुकटीही नको, निकोटीन हे विषच आहे. लिंबाचा पाला सावलीत वाळवून, चुरून मूठभर घातला तर अपाय नाही. त्याने सगळे काम होईल अशी आशा मात्र धरू नये.

शेतातली पावडर खड्ड्यात नको

वर ज्या मावशींचा उल्लेख केला, त्यांचा दुसरा प्रश्न असा होता : "कापसाची पावडर अर्धी पुडी उरली हाय. थोडी राखंत मिसळली तर उवा झटक्यात जातील का न्हाई?" उवा जातील, मावशी. त्याबरोबर काय काय जाईल, ते ऐका.

पूर्वीच्या काळी कोंबड्यांच्या उवांवर बी.एच.सी. किंवा डी.डी.टी.ची भुकटी राखेत मिसळून चोळा, असा सल्ला सर्रास दिला जाई. कोंबडीपालनाच्या जुन्या पुस्तिका कोणाच्या माळ्यावर असतील तर त्यांत तो आजही छापलेला सापडेल. ही विषे चरबीत साठून राहतात. अंड्याच्या बलकात चरबी असते, म्हणून ती बलकात उतरतात आणि तिथून खाणाऱ्याच्या अंगात. डी.डी.टी.चा शेतीतला वापर १९८९ साली बंद करण्यात आला, आणि बी.एच.सी.वर १ एप्रिल १९९७ पासून देशभर बंदी आली. त्यांच्या जागी कार्बारिलची भुकटी आली, तीही ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. त्याच आदेशाने मिथाइल पॅराथिऑनही बंद झाले, आणि फोरेट म्हणजे आपले थिमेट २०२० अखेर बंद झाले. तेव्हा जुन्या पुस्तिकेतला औषधाचा भाग वाचू नका. आणि कोठीत या नावाची जुनी पुडी, जुना डबा राहिला असेल तर तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि त्याची विल्हेवाट कशी लावावी हे कृषी कार्यालयात विचारा.

कोणी म्हणेल, आता नवी औषधे आली आहेत, ती तर बंदी नसलेली आहेत. त्यावर एक घडलेली गोष्ट सांगतो. २०१७ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत अंड्यांमध्ये फिप्रोनिल सापडले. आपल्याकडे उसावर, कापसावर वापरतात तेच हे औषध. तिथल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये लाल बारीक किडीसाठी जे द्रावण फवारले गेले, त्यात ते बेकायदा मिसळलेले होते. कोंबड्यांना ते खाऊ घातले नव्हते, नुसते शेडमध्ये फवारले होते. तरी ते अंड्यात उतरले. लाखो अंडी नष्ट करावी लागली, कित्येक फार्म बंद ठेवावे लागले. तिथे निदान तपासायला यंत्रणा होती. आपल्या परसातले अंडे कोणी तपासत नाही. ते सकाळी कोंबडीखालून निघते आणि तासाभरात पोराच्या ताटात जाते. लोळणारी कोंबडी तर ती धूळ अंगाला लावते, श्वासातून घेते आणि दाणे टिपताना गिळतेही.

म्हणून पिकाची कोणतीही पावडर, दाणेदार औषध, बीजप्रक्रियेचे उरलेले बियाणे, खताच्या रिकाम्या पिशवीतला चुरा, यातले काहीही त्या खड्ड्यात जाता कामा नये. फवारणीचा पंप जिथे धुता तिथली माती आणू नका. फवारणीच्या हंगामात शेतातली वरची माती आणू नका. घरातल्या पुरुषमाणसांनीही हे समजून घ्यावे. कोंबड्या बाईच्या असतात आणि औषधाचे डबे पुरुषाच्या ताब्यात असतात, गोंधळ तिथेच होतो.

मग उवा खरोखरच झाल्या तर? साध्या धुळीच्या ताकदीवर विश्वास ठेवायला आधार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांना वाळूची पेटी दिली आणि वाळूत वेगवेगळ्या भुकट्या मिसळून पाहिल्या. एकीत केओलिन होते, म्हणजे चिनी मातीची भांडी ज्यापासून करतात ती पांढरी माती. दुसरीत डायटम माती होती, तिसरीत गंधक. पेटीत लोळणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरची कीड एका आठवड्यात ८० ते १०० टक्के कमी झाली. पण मातीच्या पेट्या काढून घेतल्यावर कीड पुन्हा वाढली. याचा अर्थ असा, की खड्डा एकदा करून भागत नाही, तो बारा महिने लागतो. गंधकाच्या पेटीचा परिणाम आणखी पुढचा होता : पेटीत न उतरणाऱ्या कोंबड्यांवरचीही कीड दोन ते चार आठवड्यांत गेली. भुरी रोगावर आपण मारतो ती गंधकाची भुकटी सर्वांच्या ओळखीची आहे. तरी ती स्वतःच्या मनाने ओतू नये. ती डोळ्यांना, कातडीला झोंबते. कीड फारच वाढली असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कोंबडी दाखवावी. गंधक किती घ्यावे आणि किती दिवस ठेवावे, किंवा कोंबड्यांसाठीचेच दुसरे औषध घ्यावे, ते तिथे विचारावे. औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत हा प्रश्न विचारल्याशिवाय तिथून उठू नये.

धुळीच्या खड्ड्याने सगळी कीड जाते असेही समजू नये. उवा कोंबडीच्या अंगावरच जन्मतात, अंगावरच मरतात, म्हणून धूळ त्यांना गाठते. कोंबडीची गोचीड तशी नाही. ती दिवसभर खुराड्याच्या फळीच्या, भिंतीच्या भेगेत लपते आणि रात्री येऊन रक्त पिते. उपाशीपोटी ती वर्ष-वर्ष जिवंत राहते. दुपारी अंघोळ करणाऱ्या कोंबडीच्या अंगावर ती नसतेच. तिच्यासाठी भेगा लिंपणे, बसायची लाकडे काढून त्यांवर उकळते पाणी ओतणे, चुना देणे, हेच खरे काम. आणि मानमोडीशी तर धुळीचा काही संबंध नाही, तिला लसच टोचली पाहिजे.

खड्डा कसा करावा यावर फार लिहायला नको. पाच-सहा कोंबड्यांना एक खड्डा पुरतो, दहा-बारा असतील तर दोन करावेत, नाही तर खोडकर कोंबडी दुबळीला उतरू देत नाही. वीतभर खोल माल राहील असे पाहावे. फरशीचे अंगण असेल तर खणायचीही गरज नाही. ट्रॅक्टरचे जुने टायर आडवे टाकले, फुटका सिमेंटचा हौद असला, किंवा चार विटा उभ्या लावल्या तरी भागते. जागा न्हाणीच्या पाण्यापासून आणि पन्हाळीपासून दूर असावी, आणि कोंबड्या रात्री जिथे बसतात त्याच्या खाली नसावी. सकाळचे ऊन लागावे, दुपारी सावली यावी.

वर छप्पर मात्र हवेच. त्याची दोन कारणे आहेत. पाऊस हे एक. दुसरे कारण वरून उडणारी पाखरे. महाराष्ट्रात बर्ड फ्लू पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला दिसला, तेव्हा तो आपल्यापासून लांब वाटला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, तपासणीत तोच रोग निघाला. रोगी पाखराची विष्ठा ज्या मातीत पडते त्या मातीत आपली कोंबडी लोळली तर रोग घरात आला. उघड्यावरच्या धुळीत चिमण्या-साळुंक्याही लोळायला येतात, त्यांच्या उवाही सोबत येतात. तेव्हा वर पत्रा किंवा पाचटाचे छप्पर आणि बाजूंनी जुन्या मासेजाळीचा तुकडा लावावा. एकाएकी कोंबड्या किंवा कावळे मरू लागले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नये.

अंड्यावर बसवलेल्या खुडूक कोंबडीकडे जास्त लक्ष द्यावे. ती एकवीस दिवस एका जागी बसते. दिवसातून एकदाच थोडा वेळ उठते. तेवढ्यात तिला खाणे, पाणी, शी आणि अंघोळ सगळे उरकायचे असते. अंघोळीची जागा लांब असेल तर ती अंघोळ सोडते. उवांना तर तिच्यासारखी उबदार, न हलणारी जागा दुसरी नाही, आणि त्यांची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. म्हणजे पिले बाहेर येण्याच्या सुमारास आईच्या अंगावर उवांची रासच असते, ती सरळ पिलांवर चढते. पिले कोणत्याही दुखण्याशिवाय सुकून मरतात आणि आपण दृष्ट लागली म्हणतो. ती बसली आहे त्या टोपल्यापासून चार पावलांवर एका घमेल्यात धूळ भरून ठेवावी. टोपल्याच्या तळालाही आपल्या बाया जी थोडी चाळलेली राख पसरतात, ती पद्धत चांगली आहे, सोडू नये.

उवा आहेत की नाहीत हे पाहायला रात्री टॉर्च घेऊन जावे. कोंबडी रात्री शांत असते. तिला काखेत धरून शेपटीखालची, विष्ठेच्या जागेभोवतालची पिसे बाजूला करावीत. पिवळसर किडे कातडीवरून पळताना दिसतील. पिसांच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे झुबके चिकटलेले दिसतील. खड्डा केल्यावर दर आठवड्याला एकाच दोन कोंबड्या अशा पाहाव्यात. तीन-चार आठवड्यांत फरक दिसला पाहिजे. न दिसला तर धूळ ओली आहे, किंवा ती कोंबडी खड्ड्यात उतरतच नाही, किंवा त्रास गोचिडीचा आहे.

खड्ड्यातली विष्ठा दोन-तीन दिवसांनी खुरप्याने उचलून टाकावी. आठवड्यातून एकदा माल खालीवर करून उन्हात तापवावा. कोंबडीच्या तुऱ्याला, डोळ्यांभोवती काळ्या ठिपक्यांसारख्या पिसवा चिकटलेल्या दिसल्या तर सगळा माल काढून टाकून नवा भरावा, कारण या पिसवांची पिले मातीतच वाढतात. काढलेली माती-राख कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ द्या, वाया जात नाही.

आणि साठवणीचे विसरू नका. पावसाळ्यात आपल्या भागात कोरडी माती विकतही मिळत नाही. गोवऱ्या, सरपण, कडबा आपण मिरगाच्या आधी झाकून ठेवतो, त्यातच दोन पोती मातीची धरावीत. मे महिन्याच्या उन्हात चाळलेली माती फरशीवर दोन दिवस पसरावी, थंड झाली की युरियाच्या नव्हे तर धान्याच्या पोत्यात भरावी, तोंड बांधून जमिनीपासून विटेवर उंच ठेवावी. राखेचा डबा वेगळा ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये झडीचे दिवस आले आणि खड्ड्यातली माती ओलसर झाली, की ती काढून पोत्यातली दोन घमेली टाकायची. सहा कोंबड्यांना दोन पोती माती दिवाळीपर्यंत पुरते.